पायांच्या अकरा जोड्या

दुकानात तिला सगळे टाचणी म्हणत. तिच्या ओठांत कायम पाचसहा टाचण्या धरलेल्या असत, त्यामुळे कोणी गप्पा मारायला गेलं तर उत्तरादाखल नुसता हुंकार मिळे. ड्रायक्लीनिंगच्या त्या दुकानात एकतीस वर्षं तिचं एकच काम होतं. गिऱ्हाइकाच्या पायाशी बसायचं, पँटची नाहीतर झग्याची उंची धरायची, टाचण्या लावायच्या आणि मग आतल्या खोलीत मशीनवर दुमड घालायची. गिऱ्हाइकांचे चेहरे तिनं कधी नीट पाहिले नाहीत. रस्त्यात कुणी ओळखीचं हसलं की ती आधी खाली बघे आणि बूट पाहून मग हसे. गुडघ्याखालचं जग तिला तोंडपाठ होतं.

तिचा नवरा त्याच दुकानात काउंटरवर होता. त्याला नाव पडलं होतं नकारघंटा, आणि ते त्यानं मेहनतीनं कमावलं होतं. लोक डाग पडलेला कोट पुढ्यात ठेवत आणि विचारत, निघेल ना? तो कोट उजेडाकडे धरी, डागावरून नख फिरवी आणि दोनपैकी एक उत्तर देई. "नाही निघणार," किंवा "बघू." बघू म्हटलं की डाग हमखास निघे. पण "निघेल" हा शब्द त्यानं एकतीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला दिला नाही. मालक कपाळाला हात लावी. अरे, गोड बोलायला तुझं काय जातं, असं त्यानं हजारदा समजावून पाहिलं, पण हा ढिम्म. घरीसुद्धा तोच कायदा. मुलीनं दहावीचे पेपर देऊन विचारलं, बाबा, पास होईन ना? तर हा म्हणाला, बघू. मुलगी पहिल्या वर्गात आली, पण बापाचं ते "बघू" ती अजून विसरलेली नाही.

दुकान बंद झालं तेव्हा टाचणीनं टाचण्यांची उशी घरी आणली आणि नकारघंटेनं पेनांचा डबा. जाडसर टोकाची, जांभळ्या शाईची ती पेनं. कपड्याच्या आत कापडाची छोटी चिठ्ठी लावायची आणि तिच्यावर या पेनानं नंबर घालायचा, ही त्याची रोजची पहिली कामगिरी. त्या शाईचा त्याला फार अभिमान होता. मशीनमध्ये औषधात कपडे तासभर घुसळून निघत, कुठल्या कुठे ग्रीस उतरे, पण चिठ्ठीवरचा आकडा तसाच्या तसा. "माणूस हलेल, ही शाई हलायची नाही," असं तो म्हणे, आणि त्याच्या तोंडून कुणाचं कौतुक निघणं म्हणजे काय, ते टाचणीलाच ठाऊक.

रिकामे हात तिला खायला उठत. म्हणून ती वाचनालयाच्या वरच्या खोलीत बुधवारी भरणाऱ्या भरतकामाच्या वर्गाला जाऊ लागली. जाळीचं ताठ कापड चौकटीवर ताणायचं आणि त्याच्या एकेका भोकातून लोकरीचा तिरपा टाका घालत सगळं कापड बुजवून टाकायचं, असं ते काम. शिकवणाऱ्या बाईंना वर्गानं लोकरबाई करून टाकलं होतं. बाकीच्या बायका छापील नमुने भरत, गुलाब, मांजर, नौका. टाचणीनंही एक गुलाब भरला आणि भरताना तिला जांभयांवर जांभया आल्या. लोकरबाईंनी ते पाहिलं. त्या म्हणाल्या की हल्ली लोक यात स्वतःचं काहीबाही भरतात आणि भरतकामाच्या प्रदर्शनात लावतात. कुणी आपलं आजारपण भरतं, कुणी खरकट्या भांड्यांनी भरलेलं बेसिन, एका बाईनं तर नवऱ्याशी झालेलं अख्खं भांडण भरलंय. मग त्यांनी विचारलं, तुम्ही जन्मात सगळ्यात जास्त काय पाहिलंत?

"पाय," टाचणी म्हणाली. तोंडात टाचण्या नव्हत्या, म्हणून जरा मोठ्यानंच म्हणाली. वर्ग हसला. ती हसली नाही. त्या एका प्रश्नानं तिला काहीतरी सापडलं होतं, आणि साठी उलटल्यावर असं काही सापडलं की माणूस ते सोडत नाही.

त्याच महिन्यात डोळ्यांचं निघालं. डाव्या डोळ्यापुढे मधोमध एक धुरकट ठिपका कधीचाच होता. आता उजव्यातही तो आला. डॉक्टर म्हणाले, मधलं जाईल, कडा राहतील. समोरचा माणूस दिसणार नाही, त्याच्या बाजूचं दार दिसेल. नकारघंटेनं विचारलं, थांबेल का? डॉक्टर म्हणाले, नाही. किती दिवस? थंडी संपेपर्यंत बारीक काम होईल, पुढे नाही. नवऱ्याला पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्याच भाषेत उत्तर दिलं होतं, आणि ते त्याला मुळीच आवडलं नाही. घरी येईपर्यंत तो डॉक्टरच्या नावानं बोटं मोडत होता.

तिचा हिशेब सरळ होता. एक चित्र होईल, दुसरं होणार नाही. त्या एकात सगळं आलं पाहिजे. एकतीस वर्षं जमिनीलगत बसून जे पाहिलं, ते भिंतीवर लोकांच्या डोळ्यांसमोर लागलं पाहिजे. तिच्या मनात दुसरं काही नव्हतं. मुलगी फोनवर ओरडली, आई, उरलेली नजर जपायची सोडून जाळतेस कशाला? टाचणी म्हणाली की जपून ठेवून मी तिचं लोणचं घालू का?

तिनं पायांच्या अकरा जोड्या काढल्या. एकमेकांशी बोटं जुळवून लाजणारे करड्या बुटातले पाय. दर वर्षी बारीक होत गेलेल्या एका म्हाताऱ्याचे, शेवटी मोज्यांतही सैल पडणारे. डाव्यापेक्षा उजवा जाड तळव्याचा बूट घालणारी शिक्षिका, तिच्या दोन दुमडी कधी सारख्या धरायच्या नसत. एक बाई मेलेल्या नवऱ्याची पँट स्वतःच्या मापाची करून घ्यायला आली होती, तिचे अनवाणी पाय. आणि मधोमध सपाता घातलेले दोन पाय, डावीची टाच दबून पार चपटी झालेली. ते नकारघंटेचे होते. काउंटर मध्ये असल्यामुळे गिऱ्हाइकांना त्याचं फक्त तोंड दिसे आणि तोंडातला नकार. आतल्या खोलीच्या दारातून टाचणीला मात्र काउंटरच्या मागचे पाय दिसत. संध्याकाळी उशिरापर्यंत उभं राहून ते एकावरचा भार दुसऱ्यावर टाकत राहायचे. हे तिनं त्याला सांगितलं नव्हतं. प्रदर्शनात तो स्वतः ओळखतो का, ते तिला बघायचं होतं.

कापडावर रेघा ओढायला लोकरबाईंनी सांगितलं होतं की पेन आधी ओल्या फडक्यावर तपासून घ्या. ती घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, तुमचं पेन तपासू का? त्याला ते इतकं लागलं की तो जेवता जेवता थांबला. एकतीस वर्षं तपासलंय मी ते, म्हणाला. तिलाही पटलं. चालू दुकानात रोज दोनशे कपडे आणि एकाही चिठ्ठीचा आकडा कधी पुसला नाही, याहून मोठी परीक्षा ती कोणती? तिनं त्याच पेनानं अकराही जोड्या काढल्या. मधल्या जोडीची दबलेली टाच मनासारखी जमेना, म्हणून ती रेघ तिनं तीनदा गिरवली.

मग नऊ महिने टाके. मधली जोडी तिनं आधी भरली, नजर धड होती तोवर. पुढे ठिपका पसरत गेला तशी ती मान वाकडी करून, कडेच्या नजरेनं भोकं शोधू लागली. नवरा सुया ओवून ओळीनं उशीत टोचून ठेवी, लोकरीचे रंग वाचून दाखवी. पाय झाले की मागची फरशी. दुकानाची फिकट, दुधी फरशी, चारही बाजूंना हातभर नुसती मोकळी. लोकरबाईंनी फोटो पाठवला आणि प्रदर्शनवाल्यांनी तो निवडला. अट एकच होती. तिरप्या टाक्यांनी कापड ओढलं जाऊन चौकोनाचं पतंगासारखं झालं होतं, ते ओलं करून, ताणून, सरळ करून शुक्रवारपर्यंत द्या.

बुधवारी सकाळी त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर फळी ठेवली. थंडी संपत आली होती. टाचणीनं काम पालथं अंथरलं, नवऱ्यानं फडक्यानं मागून पाणी टिपत टिपत लावलं, चांगलं भिजवलं. मग उलटून, दोघांनी दोन बाजू ओढून, ती बोटांनी कड चाचपत गेली आणि तो टाचण्या ठोकत गेला. तासभर दोघं खूश होती. असं एकत्र काम त्यांनी दुकान सुटल्यापासून केलं नव्हतं.

तिला कडा स्वच्छ दिसत होत्या. दुधी फरशी, चारही कोपरे काटकोनात, एक टाका इकडचा तिकडे नाही. तिचा जीव भांड्यात पडला.

"सरळ झालं हो," ती म्हणाली. "अगदी सरळ."

तो फळीवर वाकला होता. तिच्या नजरेत मधोमध नेहमीचा धूर होता. त्या धुरामागे काय चाललंय ते फक्त तो बघत होता.

"मधलं कसं आहे?" तिनं विचारलं.

तो म्हणाला, "या सपाता माझ्या आहेत."

"ओळखल्यात?"

"डावीची टाच." त्यानं स्वतःच्या पायांकडे पाहिलं. "तू बघायचीस होय."

तिला हसू आलं, आणि त्या हसण्यातच तिनं हात पुढे केला. लोकर गार होती, ओली होती. बोट तिनं नजरेच्या कडेला आणलं. बोट जांभळं होतं.

दोघांना एकदमच कळलं, आणि इतकं सोपं होतं की आधी कसं कळलं नाही याचंच दोघांना नवल वाटलं. दुकानाचं नावच ड्रायक्लीनिंग. तिथे सगळं औषधात व्हायचं. पाणी लागायचं ते चहाला आणि इस्त्रीच्या वाफेला, आणि इस्त्रीआधी चिठ्ठी काढून पावतीला लावायची, हा नियम त्याचाच. एकतीस वर्षांत त्या शाईला पाण्याचा थेंब कधी शिवला नव्हता. आज पहिल्यांदा शिवला होता, आणि शाई लोकरीतून वर चढत होती. करडे बूट, शिक्षिकेचा जाड तळवा, अनवाणी बोटं, सगळ्यांच्या कडा फुटून ती फरशीत उतरत होती. सगळ्यात जास्त ती मध्येच होती, जिथे रेघ तीनदा गिरवलेली होती.

त्यानं कोरडं फडकं दाबून पाहिलं. दाबलं तसं ते आणखी पसरलं, तेव्हा त्यानं हात काढला.

टाचणी खुर्चीवर बसली. तिला रडू आलं नाही. तिला नऊ महिने आठवले, आणि आता थंडी संपत आलीय हे आठवलं. दुसरं चित्र होणार नव्हतं, हे तिनं स्वतःच ठरवून घेतलेलं होतं. आता एवढंच विचारायचं राहिलं होतं, आणि ते विचारायला या शहरात याच्याहून खरा माणूस नव्हता.

"निघेल का?" ती म्हणाली.

त्यानं फळी उचलून खिडकीशी नेली. उजेडाकडे धरली. ओल्या लोकरीवरून नख फिरल्याचा बारीक आवाज तिला ऐकू आला. ती वाट बघत बसली. "नाही निघणार" ऐकायची तिची तयारी झाली होती. "बघू" म्हणाला तर काय करायचं, एवढाच विचार तिच्या मनात होता.

"निघेल," तो म्हणाला. आणि मग पुन्हा, घाईघाईनं, "नक्की निघेल."

तो अजून पाठ करूनच उभा होता. टेबलावर उरलेल्या टाचण्या तिनं एकेक करून चाचपून गोळा केल्या आणि ओठांत धरल्या, म्हणजे त्यावर काही बोलायला लागू नये.