चादरीचं दुसरं टोक

“प्रभू, आमच्यातल्या एका बहिणीच्या मनातला दिवा विझत चाललाय,” ताईने भर उपासनेत माइकवर प्रार्थना सुरू केली, आणि मी डोळे मिटून सगळ्यांच्या आधी ‘आमेन’ म्हटलं. मनात आलं, कोण असेल बिचारी!

“ती ओठांनी तुझं नाव घेते, प्रभू, पण तिचं मन कोरडं पडलंय. रोज माझ्यासमोर चादरीच्या घड्या घालते...”

पुढचं ‘आमेन’ बाकीच्यांनी म्हटलं. हॉस्पिटलच्या लाँड्रीत ताईसमोर चादर धरणारी अख्ख्या मंडळीत एकच बाई होती, आणि ती मी. नाव घेतलं नाही म्हणे! फक्त घराचा पत्ता सांगायचा राहिला होता. डोळे उघडायची हिंमत झाली नाही. पण प्रार्थनेत सगळेच काही डोळे मिटत नाहीत. मानेवर नजरा कळत होत्या.

ताई माझ्या नात्यातली नाही. लाँड्रीत तिला सगळे आमेनताई म्हणतात, कारण सुपरवायझर ओरडून गेला की त्याची पाठ वळताच ती ‘आमेन’ म्हणते. माझी आई याच हॉस्पिटलात वारली आणि पुढे पोटासाठी मी इथल्याच चादरी धुवायला लागले. पहिल्या दिवशी एक चादर हातात घेतली आणि वाटलं, हीच तर नसेल आईच्या अंगाखाली? रडू आवरेना. तेव्हा ताईने काही न विचारता चादरीचं दुसरं टोक धरलं. मोठी चादर एकटीच्याने नीट घडी होत नाही. दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, ताणायची, झटकायची, मग चालत एकमेकींजवळ येऊन टोकं जुळवायची. टोकं जुळली तेव्हा ती म्हणाली, “जो कुणी हिच्यावर निजेल त्याला आज झोप लागू दे.” बस, एवढंच. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. प्रवचनांनी नंतर मला बरंच शिकवलं, पण मी देवाकडे गेले ती त्या चादरीवरून.

तेव्हापासून आमचा नेमच झाला. टोकं जुळली की एकीने एक नाव घ्यायचं. कधी शेजारणीचं, कधी पाठदुखीने वाकलेल्या वॉर्डबॉयचं, कधी खुद्द सुपरवायझरचं. “त्याला थोडी अक्कल दे, आणि जमलं तर आजच दे.” हसता हसता ढीग संपायचा. पुढे संडे स्कूलचा अगदी लहान मुलांचा वर्ग माझ्याकडे आला. मला मूलबाळ नाही. रविवारच्या त्या तासावर माझा सगळा आठवडा तरून जायचा.

यंदा काय बिनसलं कोण जाणे. प्रार्थनेला बसायचे आणि आत काही हलायचंच नाही. शब्द यायचे, पण पाणी गेलेल्या नळाखाली बादली लावून बसावं तसं वाटायचं. पूर्वीचा तो हुरूप कुठे गेला, कळेना. नेम मात्र एकही मोडला नाही. शेवटी राहवेना, म्हणून गेल्या गुरुवारी टोकं जुळली तेव्हा नाव घ्यायच्या ऐवजी मी ताईला हे सगळं सांगून टाकलं.

“कुणाला बोलू नकोस हं, ताई.”

“वेडी का तू? तुझं माझ्या पोटात. ओठावर यायचं नाही.”

आणि रविवारी ते माइकवर आलं.

उपासना सुटल्यावर चर्चच्या पाळकसाहेबांनी मला बाजूला बोलावलं. माणूस गोड, आवाज त्याहून गोड.

“थोडे दिवस विश्रांती घ्या. मुलांपुढे उभं राहणाऱ्याच्या आत ज्योत हवी, नाही का? तोवर वर्ग ताई बघतील.”

“साहेब, मी एक रविवार चुकवला नाही.”

“ती हजेरी झाली हो. मी उत्साहाबद्दल बोलतोय.”

ते कसं मोजतात, ते विचारायचं अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. बाहेर ताई माझी वाट बघत थांबली होती. डोळे रडून सुजलेले. मला तेच जास्त झोंबलं. खोटं रडली असती तर दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते.

“ताई, काय केलंस तू हे?”

“अगं, मी कुणाला सांगितलं? मी देवाला सांगितलं!”

“देवाला? मग एवढा मोठा आवाज कशाला? तो काय बहिरा आहे?”

“तुझ्यासाठी जीव तुटतो गं माझा. सगळ्यांनी मिळून मागितलं तर लवकर...”

“आणि वर्ग? तोही सगळ्यांनी मिळूनच मागितलात?”

“मी नाही मागितला. साहेबांनी दिला.”

“मग नको म्हणायचंस!”

नको म्हणावं हे तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं, हे मला तिच्या तोंडावर स्वच्छ दिसलं. वर्षानुवर्षं जिच्यासमोर उभी राहिले, तिच्याकडे मी पाठ केली.

पायऱ्यांवर माझ्या वर्गातली सगळ्यात बोलघेवडी पोर भेटली. देव डबा खातो का, देवाला सुट्टी असते का, असले प्रश्न विचारून माझा जीव खाणारी. तिने माझा पदर ओढला.

“बाई, तुमचा दिवा विझला?”

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

“आमच्याकडे काडेपेटी आहे. आणू?”

मी हसले, आणि हसता हसता डोळे भरून आले. किती महिन्यांनी! पण तेवढ्यात तिची आई लगबगीने आली. “चल गं, बाईंना त्रास देऊ नकोस,” म्हणाली आणि पोरीला उचलून घेऊन गेली. बोलली अगदी हळू आणि अदबीने, आजाऱ्याच्या उशाशी बोलतात तसं.

घरी नवरा पेपर वाचत लोळत होता. तो चर्चच्या वाटेला जात नाही. तुमचं तुमच्या देवाशी, आमचं आमच्या उशीशी, असा त्याचा हिशेब. वर्ग गेल्याचं ऐकून आधी म्हणाला, “बरं झालं, आता रविवारी झोपशील तरी.” मग माझ्या तोंडाकडे पाहिलं, उठला आणि चहा टाकला. लग्नानंतर पहिल्यांदा.

“मला रोज बस चालवायचा हुरूप येतो असं वाटतं तुला?” कप पुढे ठेवत तो म्हणाला. “कंटाळा येतो, जीव नकोसा होतो. तरी माणसं पोचतात ना?”

चहात साखर नव्हती. मी तसाच प्यायले. जिच्या तोंडून हे ऐकायचं ती माझा वर्ग घेऊन बसली होती, आणि सांगत होता तो असा, प्रार्थनेची वेळ झाली की कूस बदलणारा. संताप संताप झाला. मग रडले, पोटभर.

सोमवारी लाँड्रीत ढीग तयारच होता. एक चादर मी एकटीने घडी करून बघितली. दोन टोकं दाराच्या खिळ्याला अडकवली, पण मधे फुगाच येत होता. तेवढ्यात ताई आली. खिळ्यावरची टोकं तिने काढून हातात घेतली. मी नको म्हटलं नाही. काम ते काम, आणि वरच्या वॉर्डातल्या माणसांना चादरी हव्याच असतात.

ताणली. झटकली. चालत एकमेकींजवळ आलो. टोकं जुळली. ती माझ्या तोंडाकडे बघत थांबली.

“नाव घे ना,” ताई म्हणाली.

“घेतलं.”

“ऐकू नाही आलं.”

“मनात घेतलं.”

तिचे डोळे परत भरले. “कुणाचं गं?”

मी तिच्या हातातली टोकं माझ्या हातात घेतली, चादर दोनदा दुमडली आणि ढिगावर ठेवली.

“देवाला सांगितलंय,” मी म्हटलं, आणि दुसरी चादर उचलून एक टोक तिच्यापुढे धरलं.