नणंदेचा वाटा

आमचा बाळ चव्वेचाळीस वर्षांचा आहे. डोक्यावर केस कमी, पोट पुढे, तरी घरात सगळे त्याला अजून बाळच म्हणतात आणि हाक मारली की तोही 'ओ' देतो. मी त्याची थोरली बहीण. तो माझ्या पाठीवर आला तेव्हा मी बारा वर्षांची होते, आणि त्या दिवसापासून मी एकदम 'मोठी' झाले.

मी शाळेत खेळ शिकवते. रांग मोडणाऱ्या पोरांना मी नुसत्या नजरेने जागेवर उभं करते. मुख्याध्यापकसुद्धा माझ्याशी जरा जपूनच बोलतात. पण बाळाने फोनवर लाडात "ताई, एक काम होतं गं," असं म्हटलं की माझं पाणी पाणी होतं. त्याला हे चांगलं ठाऊक आहे.

या वेळचं काम असं होतं. वडील गेले, त्यांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं. खाली सोफे-खुर्च्या नव्याने मढवून द्यायचं दुकान, वर तीन खोल्या. कायद्याने मुलगा आणि मुलगी सारखे, म्हणजे अर्धं त्याचं आणि अर्धं माझं.

"तू फक्त येऊन सही कर. तुझा हिस्सा माझ्या नावावर केलास की कागद कसा स्वच्छ होईल."

"स्वच्छ म्हणजे काय रे?"

"म्हणजे सगळं एका नावावर. सोपं पडतं गं. घर काय, तुझंच आहे."

मी हो म्हटलं. पण खरं सांगायचं तर, आणखी दोन वर्षांनी मी निवृत्त होणार, शाळेने राहायला दिलेली खोली सोडावी लागणार, आणि जायला दुसरी जागा नाही. घर माझंच आहे तर सही कशाला, हा साधा प्रश्न मला पडला होता. पण तो विचारला असता तर बाळ दुखावला असता. आईवडील गेल्यावर मला त्याच्याशिवाय दुसरं आहे कोण? सही केली तर वाटा जाणार, नाही केली तर भाऊ. मी वाटा सोडायचं ठरवलं आणि वर स्वतःची पाठही थोपटून घेतली.

सहीच्या आदल्या दिवशी मी घरी पोचले तेव्हा आत्या आधीच येऊन बसली होती. ती वडिलांची बहीण, साक्षीदार म्हणून आलेली.

"यात काय एवढं?" ती म्हणाली. "मीसुद्धा सोडला होता. तुझ्या वडिलांनी शब्द टाकला, मी सही केली. त्या दिवशी त्यांनी मला मिक्सर घेऊन दिला. अजून चालतो."

"आत्या, अर्ध्या घराच्या बदल्यात मिक्सर?"

"मेले, हिशेब काय करतेस! लेक म्हणजे परक्याचं धन."

"मी लग्नच नाही केलं. मग मी कोणाचं धन, ते ठरायचं राहूनच गेलं."

"तेच तर म्हणते. तू सडीफटिंग. तुला घर घेऊन करायचंय काय?"

सडीफटिंग माणसाच्या डोक्यावर पाऊस पडत नाही की काय! ओठांवर आलं होतं, पण गिळून टाकलं. आत्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं, आणि भिंतीला काहीच होत नाही.

आमच्या दुकानाच्या पाटीवर वडिलांचं नाव आहे आणि खाली 'आणि चिरंजीव' असं लिहिलंय. त्या चिरंजीवांनी दुकानात हातोडी धरलेली फार कमी लोकांनी पाहिली असेल. बाळ मनाने सोन्यासारखा. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा रोज त्यांना उचलून न्हाणीघरात न्यायचा, कधी कपाळाला आठी नाही. पण धंद्याच्या बाबतीत उंटावरचा शहाणा. आधी शोभेचे मासे आणले, ते मेले. मग आइस्क्रीमचं यंत्र आणलं, ते अजून जिन्याखाली उभं आहे आणि त्यावर सगळे छत्र्या ठेवतात.

दुकान चालवते ती भावजय. वडिलांनी तिला सुरुवातीला आत पाऊल टाकू दिलं नव्हतं. बायकांनी शिवण करावं, खुर्च्या मढवणं पुरुषाचं काम, असं त्यांचं म्हणणं. पण बाळ सदा बाहेर, आणि कापड ताणून धरायला दुसरं माणूस तर लागतंच. म्हणून ती धरायला लागली. वडिलांची बोटं आखडली तेव्हा ती ठोकायलाही लागली. शेवटी शेवटी ते खुर्चीत बसून नुसते बघत असत आणि गिऱ्हाइकाला सांगत असत की काम आमच्याच हातचं आहे.

माझं आणि तिचं वाकडं नव्हतं, पण गूळपीठही नव्हतं. मी फोन केला की ती "हं," "बरं," "सांगते," एवढंच बोलायची. मला वाटायचं, आतल्या गाठीची आहे. आणि या सहीमागे तिचंच डोकं असणार, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. नणंदेचं नाव घरावरून गेलेलं कोणत्या भावजयीला नको असतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळ अंघोळीला गेला होता आणि आत्या आरशासमोर होती. मी उगीच खाली दुकानात उतरले. भावजय एका जेवणाच्या खुर्चीची बैठक मढवत होती. जुनं फाटकं कापड काढून टाकलेलं, चौकटीवर नवे पट्टे ताणून बसवलेले, वर गोणपाट, त्यावर फोम. तिच्या तोंडात बारीक खिळे होते. म्हणजे काम करताना ते असतातच. ओठांतून एक खिळा पुढे येतो, हातोडीच्या लोहचुंबकाला चिकटतो आणि एका ठोक्यात लाकडात जातो. दिवसभर हे चालतं. मी फोन करायची ती नेमकी कामाच्या वेळी, माझ्या मधल्या सुट्टीत. खिळे तोंडात धरून माणूस "हं" सोडून दुसरं काय बोलणार? हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

तिने मानेनेच मला कापड धरायची खूण केली. मी ताणून धरलं. तिने दोन खिळे ठोकले, मग हातोडी खाली ठेवली, तोंडातले खिळे तळहातावर काढले आणि म्हणाली, "ताई, सही करू नका."

मला वाटलं, माझ्याच मनातलं मला ऐकू आलं.

"काय म्हणालीस?"

"हे घर विकायला काढलंय. गिऱ्हाईक ठरलंय. यांच्या एका मित्राला गाड्या धुवायचं केंद्र काढायचंय आणि त्यात यांना भागीदार म्हणून पैसे घालायचेत. तुमची सही झाली की लगेच व्यवहार."

"मला म्हणाला, कागद स्वच्छ करायचेत!"

"स्वच्छच करणार होते. गाड्यांसकट."

ती विनोद करू शकते हेसुद्धा मला नवीन होतं. मी विचारलं, "आणि तू? तू कुठे जाणार? हे दुकान?"

"तेच तर. माझं नाव कुठेच नाही, ताई. पाटीवर नाही, कागदावर नाही. आपल्याकडे एक वकीलबाई खुर्च्या करायला देतात. त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, नवऱ्याचं घर नवऱ्याने विकलं तर त्याला अडवणं तुम्हाला कठीण. पण नणंदेचं नाव आहे तोवर तिच्या सहीशिवाय घर विकता येणार नाही." ती थांबली. "तुमच्या अर्ध्यावर मी उभी आहे."

"मग आधी बोलली का नाहीस?"

"कशी बोलणार? तुम्ही म्हणाला असता, भावजय बहीणभावात काड्या घालते."

"आणि मी समजत होते की सहीसाठी तूच त्याला टोचतेयस."

मग मला हसू फुटलं, तिलाही फुटलं, आणि हसता हसता माझ्या हातून कापड सुटलं.

"ताई, कापड! पुन्हा ताणावं लागणार आता."

मी पुन्हा धरलं. ती हळूच म्हणाली, "मी सांगितलं असं त्यांना कळू देऊ नका." मी म्हटलं, नाही कळणार.

नोंदणी कचेरीत गर्दी होती. बाळाने केस नीट बसवले होते, आत्याने पिशवीतून चष्मा काढून ठेवला होता. आमचा नंबर आला. खिडकीपलीकडच्या कारकून बाईंनी मान वर न करता, दिवसातून शंभरदा म्हणून गुळगुळीत झालेलं वाक्य म्हटलं, "आपण हा हक्क स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय सोडत आहात ना?"

"नाही," मी म्हणाले.

बाईंनी शिक्का उचलला होता. तो हवेतच राहिला.

"नाही म्हणजे? खुशी नाही की सोडत नाही?"

"दोन्ही नाही."

"अगं, नुसती मान हलवायची असते!" आत्या मागून कुजबुजली, आणि तिची कुजबुज अख्ख्या रांगेला ऐकू गेली.

बाळाचा चेहरा लालबुंद झाला. "ताई, माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

"आहे. पण माझं अर्धं मला हवंय."

वाक्य एवढंच होतं. मैदानावर मी शंभर पोरं गप्प करते, आणि इथे एका भावासमोर एवढं बोलायला मला सगळा जोर लावावा लागला. आत्याने तोफा डागायला सुरुवात केली. काय कमी केलं होतं तुला, शिकवलं, सवरलं, हीच का परतफेड, शेवटी रंग दाखवलेसच. रांगेतल्या दोन बायका माझ्याकडे टक लावून बघत होत्या. कारकून बाईंनी कागद बाजूला सरकवला आणि म्हणाल्या, "पुढचे या." जाता जाता त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं.

आत्या रिक्षा करून एकटीच निघून गेली. बाळ कचेरीच्या पायऱ्यांवर बसला. मी त्याच्या शेजारी बसले. समोरून दोन चहा आणले, एक त्याच्या हातात दिला. तो न पिता नुसता धरून बसला. आता हा माझा उरलेला नाही, असं मला वाटलं.

मग तोच म्हणाला, "ताई, मी घर विकणार होतो. तुला सांगणारच होतो."

"कधी? विकल्यावर?"

त्याने मान खाली घातली. गाड्या धुवायच्या केंद्राचं सगळं सांगितलं. मी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकलं.

"आता मित्राला काय सांगू? शब्द दिलाय मी."

"सांग, बहीण लबाड निघाली."

त्याने खरंच फोन लावला. "अरे, काय सांगू तुला! बहीण अडून बसलीय. नाही रे, ऐकतच नाही. कायदाच तसा आहे, माझे हात बांधलेत. नाही, आता काही होणार नाही. दुसरा भागीदार बघ तू." आवाज चढवून, मोठमोठे उसासे टाकत त्याने माझी यथेच्छ बदनामी केली. फोन खिशात ठेवला. आणि मग एवढा मोठा श्वास सोडला की चहावरची साय हलली.

"आणखी एक चहा घेऊ या?" तो म्हणाला.

मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याचे खांदे सैल पडले होते. "बाळ, तुला आनंद झालाय की काय?"

"मला धड झोप लागत नव्हती गं. तो मित्र रोज म्हणायचा, मर्द असशील तर एकदाच मोठी उडी मार. सासुरवाडीचे म्हणायचे, बायको हातोडी चालवते आणि हा बसून खातो. मला मनातून वाटत होतं की हेही बुडणार. पण भीती वाटते असं कोणाला सांगू? बाईमाणसाने सांगितलं तर लोक समजून घेतात."

"समजून घेतात, पण घर विकायच्या आधी तिला कोणी विचारतच नाही," मी म्हणाले. पण माझा रागच आता पातळ झाला होता. बिचारा. त्याला 'नाही' म्हणायला कोणी शिकवलंच नव्हतं. मला 'हवं' म्हणायला कोणी शिकवलं नव्हतं, तसंच. दुसऱ्या चहाबरोबर त्याने भजी मागवली आणि सगळी स्वतःच खाल्ली.

घरी आलो तेव्हा तो वर जाऊन आडवा झाला आणि थोड्याच वेळात त्याचं घोरणं खालपर्यंत ऐकू यायला लागलं. भावजय दुकानात उभी होती. तिच्या तोंडात खिळे नव्हते, हातात हातोडी नव्हती. मी मान हलवून सही केली नाही असं सांगितलं, तशी ती त्याच नव्या मढवलेल्या खुर्चीवर मटकन बसली. गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर ती कधी बसत नाही.

"माझ्यासाठी तुम्ही सगळ्यांचा वाईटपणा घेतलात, ताई. तुमचे उपकार..."

अगं, उपकार कसले, घरच्या माणसासाठी एवढंही करू नये का, असं छानसं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. आयुष्यभर असलीच वाक्यं बोलत आले. ते बोलून टाकलं असतं तर मी पुन्हा गुणाची ठरले असते. पण ते खोटं होतं. बाईंनी खिडकीतून विचारलं तेव्हा मला भावजयीची आठवणच झाली नव्हती. मला दिसली होती ती वरची मागची खोली, तिथला माझा पलंग, आणि कोणाला न विचारता उघडायची खिडकी.

"तुझ्यासाठी नाही केलं," मी म्हणाले. "तू बोललीस म्हणून धीर आला, हे खरं. पण घर अर्धं माझं आहे आणि ते मला हवं होतं. पहिल्यापासून हवं होतं."

बोलले आणि मला इतकं हलकं वाटलं की मी समोरच्या खुर्चीवर बसूनच घेतलं. भावजयीचे डोळे भरून आले होते, आणि तरी ती हसत होती.

"बरं झालं, ताई," ती म्हणाली. "उपकार असते तर जन्मभर फेडत बसावं लागलं असतं."