टाकीतलं दुसरं औषध

द्वारका चौकात रिक्षा पंधरा मिनिटं अडकली. एरवी बहिरूनं पुढच्या-मागच्या सगळ्या गाड्यांचा उद्धार केला असता. आज मात्र तो गप्प होता. अशीच अडकून राहावी, दवाखाना येऊच नये, असं त्याला वाटत होतं.

शेजारी त्याची बायको सुमनबाई डोक्याला पदर घट्ट गुंडाळून बसली होती. छातीतल्या गाठीसाठी केमोचे तीन डोस झाले, पण नव्या तपासणीत गाठ तसूभरही कमी झालेली दिसली नाही. आज डॉक्टर मॅडम औषध बदलणार होत्या. नवं औषध भलतंच कडक, हृदयावर ताण आणणारं, आणि सुमनबाईचं हृदय आधीच नाजूक. ते तिला सोसेलच याची खात्री मॅडमनाही देता येत नव्हती.

आणि हे सगळं आपल्यामुळे झालं, या विचारानं बहिरूचा जीव टांगणीला लागला होता.

झालं होतं असं. त्यांची मुलगी साक्षी कॉलेजात कॅन्सरच्या पेशींवर संशोधन करत होती. परवा झेंडू खुडता खुडता तिनं बापाला समजावलं की केमोच्या माऱ्यानं गाठीतल्या पेशीवर ताण येतो, आणि त्या ताणात पेशी स्वतःच एक चरबी तयार करते. सेरामाइड तिचं नाव. ती साचली की पेशीला मरायचा हुकूम सुटतो. म्हणून या दिवसांत ताकदीच्या पावडरी मनानं देऊ नयेत, काही पावडरी तो ताणच काढून घेतात, असंही ती म्हणाली. बहिरूच्या हातातली फुलं तिथंच गळाली.

कारण मेहुण्यानं, झुंबरनं, दिलेला पावडरीचा डबा त्याच्या फडताळात होता. दोन महिने रोज पहाटे तो पेलाभर पाण्यात पावडर घोळून सुमनबाईच्या हातात द्यायचा आणि फुलांच्या टेम्पोची वेळ गाठायला मळ्यात पळायचा. पोरगी ओरडेल म्हणून तिला सांगायचं नाही, अशी ताकीदही त्यानंच दिलेली.

आता बहिरू काही अडाणी नव्हता, बरं का! तीस वर्षं टोमॅटो आणि झेंडू पिकवलेला माणूस. फवारणीची दोन औषधं एका टाकीत घालायची तर आधी बाटलीत थोडी थोडी मिसळायची, फाटली तर फेकून द्यायची, हे त्याला बापानं शिकवलेलं. इथंही त्यानं तेच केलं. दवाखान्यातली उलटीची गोळी आणि ही पावडर एका पेल्यात कालवली, अर्धा तास टक लावून बसला. ना फाटलं, ना गाळ बसला. जमतंय की, म्हणत खूश झाला शहाणा. ज्या औषधावर सगळी मदार, ते सलाईनमधून शिरेत जात होतं. ते त्या पेल्यात नव्हतंच, एवढं काही त्याच्या डोक्यात आलं नाही.

दवाखान्यात साक्षी आधीच येऊन थांबली होती. मॅडमनी तिघांनाही सगळे धोके सांगितले. सुमनबाईनं अंगठा उमटवला आणि कागद नवऱ्याच्या सहीसाठी पुढं सरकला. बहिरूनं पेन उचललं आणि परत खाली ठेवलं.

"मॅडम, त्या औषधाचा दोष नाय," तो म्हणाला. "टाकीत दुसरं औषध मी घातलं."

मग डबा, पेला, पहाट, ताकीद, सगळं त्यानं ओकून टाकलं. साक्षी पांढरीफटक पडली. बापाकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही. मॅडम मात्र रागावल्या नाहीत. ठाम काही सांगता येणार नाही, पण तसं असेल तर पावडर बंद करून जुन्याच औषधाचा आणखी एक डोस देऊन बघता येईल, असं त्या म्हणाल्या. म्हणजे हृदयही वाचलं! बहिरूचे डोळे भरून आले. लेकीनं जन्मभर तोंड पाहिलं नाही तरी चालेल, बायको तर राहील. मॅडम लिहायला लागल्या.

"ते लिहू नका," सुमनबाई म्हणाली. "मी ती पावडर घेतलीच नाय. एक दिवससुद्धा नाय."

तिला त्या वासानंच मळमळायचं. हे मळ्यात गेले की ती पेला मोरीत ओतायची. एवढ्या आशेनं आणून देतात, तोंडावर नको कसं म्हणायचं, म्हणून बोलली नव्हती.

मग साक्षी टेबलाकडं पाहत हळू आवाजात म्हणाली की काही गाठी चिवट असतात. सेरामाइड तयार झालं की त्याला साखर चिकटवून निकामी करतात, हुकूम पोचतच नाही. तसंही असेल. मॅडम म्हणाल्या, असेल, पण आज ते कुठल्या रिपोर्टात दिसणार नाही. जुनं औषध लागू पडलं नाही, एवढं खरं. त्यांनी लिहिलेल्या ओळीवर काट मारली.

बहिरू सुटला होता. त्याच्या माथी काही नव्हतं. आणि इतकं वाईट त्याला दोन दिवसांत एकदाही वाटलं नव्हतं.

"घ्यायची होतीस गं," तो कसाबसा म्हणाला.

सुमनबाईनं त्याच्याकडं पाहिलं. "तुमची चूक असती तर मी वाचले असते, असंच ना?"

त्यानं मान डोलावली.

"करा सही," ती म्हणाली, आणि पेन त्याच्या हातात देऊन तिनं त्याचं मनगट धरून ठेवलं.