पाचवी प्रश्नावली

समुपदेशनाचा अभ्यासक्रम मी चाळिशीत सुरू केला, तेव्हा घरच्यांना माझ्यापेक्षा जास्त हुरूप आला. उदासी, चिंता आणि ताण मोजणाऱ्या प्रश्नावलीचा सराव आधी घरातच करा, असं आमच्या बाईंनी सांगितलं होतं. मग काय, दर रविवारी सकाळी चहाआधी आम्ही चौघं जेवणाच्या टेबलाशी बसायचो आणि ‘गेल्या आठवड्यात मला कशातच रस वाटला नाही’ असल्या वाक्यांपुढे शून्य ते तीनपैकी एका आकड्यावर खूण करायचो. शून्य म्हणजे मुळीच नाही, तीन म्हणजे सतत. नाव न लिहिता कागद घडी करून बिस्किटांच्या डब्यात टाकायचा. अर्थात, आमच्याकडे गुपित कसलं राहतंय! सासूबाईंच्या खुणा चौकटीबाहेर पळायच्या, नवरा प्रत्येक शून्याला मिशा काढायचा, दीर अर्ध्यातच कंटाळायचा, आणि माझी शाई लाल.

पहिल्याच रविवारी डब्यातून पाच कागद निघाले. पाचव्यावर बारीक, नेटक्या खुणा होत्या, सगळ्या तीनवर.

“दोनदा कोणी भरलं?” मी विचारलं.

“मला एकदा भरतानाच घाम फुटतो, वहिनी,” दीर म्हणाला.

पुढच्या रविवारी मी मोजून चारच कागद ठेवले, तरी पाच निघाले. मी घाबरले, खरंच घाबरले. इतके गुण आले तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, असं बाईंनी बजावलं होतं.

“कोण का असेना, दुःखात आहे ना बिचारं?” सासूबाई म्हणाल्या. “मग आपणच बघायला हवं.”

त्यांनी पाचव्या खुर्चीवरचा धुतलेल्या कपड्यांचा ढीग उचलला, आणि त्या दिवसापासून कोणी ना कोणी घरी थांबू लागलं. नवरा त्या खुर्चीला पेपरातले विनोद वाचून दाखवायचा, दीर तिच्याशी पत्ते खेळायचा आणि चक्क हरायचा. घरात इतकं हसणं आधी कधी नव्हतं. तीनच्या खुणा दोनवर आल्या, मग एकवर, आणि डबा उघडताना मुलाचा निकाल लागावा तशी माझी छाती धडधडायची. एकदा दिराने पत्ते वाटताना खुर्चीला दिले आणि मलाच विसरला. सगळे हसले, सगळ्यात जास्त मी.

गेल्या रविवारी डब्यातून चारच कागद निघाले. पळत्या खुणा, मिशा, अर्धवट सोडलेला एक, आणि चौथ्यावर बारीक, नेटक्या खुणा, सगळ्या शून्यावर. दिराने टाळ्या पिटल्या. लाल शाईचा कागद मी डब्यात, टेबलाखाली, सगळीकडे शोधला. लाल पेन तर माझ्या हातातच होतं.

सासूबाईंनी चहाचे चार कप आणले. एक नवऱ्यापुढे, एक दिरापुढे, एक स्वतःपुढे आणि एक पाचव्या खुर्चीपुढे ठेवला.

“आई, माझा?” मी हसत विचारलं.

त्या साखर ढवळत राहिल्या.

चहा झाल्यावर नवऱ्याने सगळ्यांना फिरायला जायची घाई केली. चपला घालताना दीर थबकला.

“घरी कोणी थांबायला नको?”

नवऱ्याने खोलीभर नजर फिरवली, माझ्यावरूनही.

“आता कशाला? घरात आहे कोण?” तो म्हणाला, आणि त्याने दार ओढून घेतलं.