घशाची गाठ आणि सहा दात

हानुसच्या घशात कॅन्सरची गाठ निघाली आणि डॉक्टरांनी दात काढायला सांगितले, तिथेच मालानचं डोकं फिरलं. घसा कुठे, दात कुठे! एकाहत्तराव्या वर्षी तिच्या नवऱ्याच्या तोंडात स्वतःचे एकवीस दात होते. अख्ख्या बेटावर त्याच्या वयाच्या दुसऱ्या कुणी इतके दाखवावेत! त्यातले सहा उपटायचे, हिरड्या भरायची वाट बघायची, मग विमानाने कोपनहेगनला जायचं, आणि मग कुठे गाठ जाळायची किरणं सुरू व्हायची.

इस्पितळातल्या सोल्वा नर्सने हे सगळं भराभरा सांगितलं तेव्हा मालानने मान डोलवली होती. कळलं नाही, असं म्हणणं तिच्या जिवावर यायचं. बाराव्या वर्षी शाळा सोडून मासळीच्या कारखान्यात लागलेली बाई, कुणी "समजलं ना?" विचारलं की ती म्हणायची, "न समजायला काय झालं?" नर्सने दिलेला डॅनिश भाषेतला तीनपानी कागद तिने घडी घालून ड्रॉवरमध्ये टाकला होता.

घरी तर सगळं उलटंच. हानुस डोंगर चढून मेंढ्या हाकून आणत होता, आणि पायऱ्यांवर दम लागून थांबत होती ती मालान. आजारी कोण, हेच कळेना. विचार करकरून एकच गोष्ट तिच्या डोक्यात पक्की बसली: दुसऱ्या कुणाच्या तरी दातांचा कागद हानुसच्या कागदांत मिसळलाय. शनिवारी तिने दातांच्या दवाखान्यात फोन लावला.

"सोमवारी हानुसचे दात काढायला आम्ही येत नाही. गाठ घशात आहे, तोंडात नाही."

"बरं, नाव काढते," तिथली मुलगी म्हणाली.

हानुसला तिने सांगितलं, "त्यांनीच पुढे ढकललंय." त्याने हुश्श केलं.

गुरुवारी दुपारी सोल्वाचा फोन आला.

"मालान, हानुसचे दात का नाही काढले? हिरड्या भरल्याशिवाय किरणं देता येत नाहीत."

"का पण?"

"किरणांनी जबड्याचं हाड नाजूक होतं. नंतर त्या सहा किडक्या दातांतला एखादा काढावा लागला तर जखम भरत नाही, हाड सडतं. कागदावर लिहिलंय की सगळं."

मालान खुर्चीत बसली.

"थांबा," सोल्वा म्हणाली, "त्या दातांच्या दवाखान्यातल्या पोरीचाच घोळ असणार. मागेही तिने असंच केलं होतं. चांगली खडसावते तिला."

गप्प राहिलं असतं तर तिथेच निभावलं असतं. पण मालान म्हणाली, "पोरीला काही बोलू नका. मी रद्द केलं."

"तुम्ही? कशाला?"

"मला वाटलं, कागदांची अदलाबदल झालीय. मला तेव्हाही काही कळलं नव्हतं. आताही सगळं कळलंय असं नाही." आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य तिच्या तोंडून निघालं होतं. "गाठ वाढेल का या दिवसांत?"

"बहुतेक नाही. पण खात्री मी कशी देऊ? उद्याच माझ्याकडे या. दात काढायची वेळ मी मिळवते."

हे 'बहुतेक' घेऊन ती बाहेर आली. हानुस मांस वाळवायच्या खोपटात दोऱ्या बांधत होता. तिने एका दमात सगळं सांगून टाकलं.

त्याने नुकतीच बांधलेली दोरी पुन्हा सोडली. "मला का नाही विचारलंस?"

"विचारलं असतं तर काय म्हणाला असतास?"

"रद्द कर, म्हणालो असतो."

आता हे ऐकून बरं वाटून घ्यावं की धास्ती घ्यावी, मालानला उमगेना. दोघं मिळून चुकली असती, एवढंच.

"घसा दुखतो का रे?" गाठ निघाल्यापासूनच्या तीन आठवड्यांत तिने हे एकदाही विचारलं नव्हतं.

"गिळताना."

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून. डॉक्टरांनाही नाही बोललो."

तिच्या जिभेवर दहा शिव्या आल्या आणि एकही बाहेर पडली नाही.

"उद्या सोल्वाला सांगायचं हे."

"तूच सांग. बोलणारी तू."

"नाही," मालान म्हणाली. "तू सांगायचंस. मी शेजारी बसेन."