घट्ट झाकणाचा डबा

नाक जरा मागे घ्या, मी डबा बोलतोय. पत्र्याचा, गोल, आणि झाकण असं घट्ट की उघडणाऱ्याची नखं तुटतात. मग ते एकदम फटकन सुटतं आणि हनुवटीवर बसतं. भल्याभल्या शहाण्यांना मी असा फटका दिलाय!

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या पोटात लिमलेटच्या गोळ्या होत्या. शिक्षण म्हणाल तर अंगावर छापलेली अक्षरं तेवढी, त्यातली निम्मी आता पुसली. गोळ्या संपल्यावर दुकानदार मला फेकायला निघाला, तर शेजारच्या घड्याळजीनं उचललं. झाकण उघडलं, हनुवटी चोळली आणि खूश होऊन म्हणाला, "वा! यात शिरायची धुळीची टाप नाही."

हे आमचे आबा. धूळ म्हणजे त्यांची हाडवैरीण. घड्याळाचं चाक पेट्रोलमध्ये बुडवायचं, चिमट्यानं उचलायचं आणि लगेच झाकणाखाली घालायचं. पेट्रोल क्षणात उडून जातं, चाक कोरडं ठणठणीत. जन्मभर त्यांनी हेच केलं. टेबलापाशी कुणी शिंकलं तर ते गिऱ्हाइकालासुद्धा दुकानाबाहेर उभं करत.

त्यांची नात दिवसभर बडबडते, म्हणून त्यांनीच तिचं नाव टिकटिक पाडलं. पोरीला जन्मापासून सिस्टिक फायब्रोसिस. फुप्फुसातला कफ डिंकासारखा चिकट होतो. म्हणून रोज मशीननं औषधाची वाफ घ्यायची, मग पाठ थोपटून तो कफ सुटा करायचा. बाप फिरतीच्या नोकरीवर, आई ऑफिसात. तेव्हा हे काम आबांचं. ते पाठ थोपटायचे आणि ही मास्कच्या आतून गप्पा मारायची.

एकदा तिचा श्वास घरघरायला लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, धुळीचीही अॅलर्जी दिसतेय. आबांचे कान टवकारले.

"धुळीची ना? सूनबाई, धूळ माझ्यावर सोड."

झालं! मला घासूनपुसून दुकानातून घरी आणलं. आता माझ्या पोटात मशीनची औषधाची वाटी आणि मास्क राहणार होता. मी एकदम दवाखान्यातला मोठा साहेबच झालो म्हणा ना.

सूनबाईनं बजावलं होतं, "आबा, वाटी धुवायची, उकळायची आणि उघड्यावर पूर्ण वाळू द्यायची."

"उघड्यावर? धूळ खायला? मला नको शिकवूस."

ते वाटी मन लावून धुवायचे, उकळायचे, दोनदा झटकायचे की लगेच माझ्या पोटात. झाकण बंद. चार थेंब पाणी आत राहायचं, आणि मी छाती फुगवून बसायचो.

तरी पोरीचा खोकला वाढला. श्वासात शिट्टी वाजायला लागली. कफ तपकिरी पडू लागला. जिना चढता चढता ती मध्येच बसायची, आणि गप्प बसायची. टिकटिक गप्प! आबा घाबरून वाटी आणखी घासायचे, आणि माझं झाकण आणखी दाबून लावायचे.

रक्त तपासलं. डॉक्टरीणबाईंनी मशीन सगळ्या सामानासकट आणायला सांगितलं, म्हणून सूनबाईच्या पिशवीत बसून मीही गेलो.

"हिला बुरशीची अॅलर्जी आहे," त्या म्हणाल्या. "अशा मुलांच्या चिकट कफात बुरशीचे कण अडकतात, आणि शरीर त्यांच्यावर चिडतं. घरात ओल कुठे आहे?"

आबा ताडकन म्हणाले, "न्हाणीघराची भिंत! सूनबाईला किती वेळा सांगितलं. पण घराकडे बघायला वेळ आहे कुणाला? ऑफिस सुटेल तेव्हा ना!"

सूनबाईनं मान खाली घातली. आणि मी, पिशवीत, हसत होतो. म्हाताऱ्यानं काय पकडलंय, म्हटलं.

डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर काढलं. झाकण फटकन सुटलं. या वेळी कुणी हसलं नाही. आतून कुबट वास आला, आणि वाटीच्या सांध्यात काळे ठिपके दिसले.

"हे ओलंच बंद करता?"

"घड्याळाचे पार्ट आम्ही असेच..." आबा बोलता बोलता थांबले. पेट्रोल उडून जातं, पाणी तसं झटकन उडत नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर उमटताना मी पाहिलं. मला माझं झाकण कुठे लपवू असं झालं.

"बुरशी हवेतही असते," बाई समजुतीनं म्हणाल्या. "सगळं यानंच झालं असं मी म्हणणार नाही. पण हे आजपासून बंद."

आबांना त्यातलं काही ऐकू गेलं नाही. सूनबाई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती पिशवी आवरत राहिली. टिकटिकनं मात्र विचारलं, "मग आबा, तुम्ही आईला का रागावलात?"

नवी वाटी आली, गोळ्या सुरू झाल्या. आबांनी मशीनला हात लावायचं सोडलं. सकाळी लवकर दुकानात जायचे आणि भिंतीकडे तोंड करून बसायचे. घरी सूनबाई एकटी सगळं करून रोज ऑफिसला उशिरा पोचायची. शेवटी तिनं वाटी त्यांच्या हातात दिली.

"धुवा, आबा."

"नको गं. माझ्या हातानं नको."

"मला उशीर होतोय. आणि तिला तुमच्याशिवाय कुणी थोपटलेलं आवडत नाही."

"त्या दिवशी मी तुला सगळ्यांसमोर..."

"हो. ते मी विसरलेले नाही. आता धुवा."

त्यांनी धुतली, उकळली. स्वच्छ फडक्यावर वाटी उपडी ठेवली, उघडी. खिडकीतून ऊन आलं होतं आणि उन्हात धुळीचे कण तरंगत होते. आबांना एकेक कण दिसत होता. झाकायला हात पुढे गेला, तेव्हा त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घातले आणि वाटी वाळेपर्यंत हातांवर बसून राहिले.

टिकटिकचा आजार गेलेला नाही, जाणारही नाही. पण हल्ली मास्कमधून बडबडते म्हणून पुन्हा ओरडा खाते.

मी फळीवर आहे, माझं झाकण दुसऱ्या फळीवर. भंगारात घालायचं असेल तर खुशाल घाला, कुरकुरणार नाही. ठेवणारच असाल तर एवढं करा, मला काही देण्याआधी ते कोरडं करा. बाहेरच्याला अडवायचं मला छान जमतं हो; आत काय वाढतंय ते कळत नाही.