आईच्या आवाजाची पट्टी

संगणकाच्या पडद्यावरची एक उभी रेघ आणि तिच्यावर वरखाली सरकणारं बटण, एवढाच माझा देह. तरीही बोलतेय, कारण आत्ता मला फार भीती वाटतेय. मी आवाजाची पट्टी. मला वर सरकवलं की आवाज वाढतो, खाली ओढलं की कमी होतो. अगदी तळाला नेलं, तर माणूस गात असूनही ऐकू येत नाही.

माझा जन्म एका घराच्या मागच्या खोलीत झाला. घरातल्या लेकीनं, ताईनं, रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नवा ट्रॅक, म्हणजे एका आवाजापुरती वेगळी जागा, उघडला, त्याला ‘आई’ असं नाव दिलं आणि मी अवतरले. शेजारी तिच्या भावाच्या गिटारची पट्टी आधीपासूनच ऐटीत उभी होती.

आई कपडे शिवायची. तिच्या गळ्यात गाठ झाली होती. डॉक्टर म्हणाले होते, गाठ काढता येईल, पण आवाजाचं काही छातीठोक सांगता येत नाही. म्हणून ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ताईनं तिला माइकसमोर बसवलं. मशीन चालवता चालवता मुलांना झोपवायला आईनं एक गाणं रचलं होतं, तेच गायचं होतं.

“आई, जरा मोठ्यानं गा ना.”

“मोठ्यानं गायले तर रडू फुटेल गं. असंच घे.”

आवाज अगदी बारीक आला. ताईनं मला वर ढकललं. आवाजाबरोबर पंख्याची घरघर वाढली, आईनं गिळलेला आवंढासुद्धा ऐकू आला. ताईनं आणखी वर ढकललं. लाल दिवा पेटला आणि आईचा आवाज टर्रकन फाटला. मी गर्भगळीत झाले. माझ्यामुळे तिचं गाणं खराब झालं तर?

“थरथरतोय पण किती,” भाऊ म्हणाला. “गिटार वाढव, ताई. झाकून जाईल.”

ताईनं गिटार चढवली आणि मला खाली आणायला लागली. आता संपलंच सगळं, असं मला वाटलं.

दवाखान्याची पिशवी भरता भरता आई दारात आली. “मला कशाला झाकताय रे? त्या गिटारला जरा दमानं घ्यायला सांगा की!”

“आई, तू घाबरलेली ऐकू येतेस,” भाऊ पुटपुटला.

“घाबरलेच आहे मी. मग घाबरलेलीच ऐकू येणार ना?”

ताईनं गिटार खाली घेतली आणि मला मधोमध ठेवलं. मला कुणी ताणलं नव्हतं, तरी आईचा आवाज पुढे आला. थरथरत, पण स्वच्छ.

मग संगणक बंद झाला. त्या काळोखात मी रोज वाईटसाईट चिंतत होते. कुणी येईना, काही कळेना.

आज सकाळी पडदा उजळला. खुर्चीत आई. गळ्याला पांढरी पट्टी, गालफडं बसलेली. तिनं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. मग माउस धरला आणि मला ओढत थेट तळाला नेलं. स्वतःचा आवाज तिला सोसवत नव्हता का? आता ती मला पुसून टाकणार का?

उरली नुसती गिटार. आईनं ओठ उघडले. आधी निव्वळ हवा आली. मग खरवडल्यासारखा एक सूर.

ती माझ्या जागी स्वतः गात होती!

ताई चहाचा कप तसाच टाकून धावत आली. “आई, डॉक्टरांनी हळूहळू सांगितलंय हं, एकच ओळ!” म्हणत तिनं माइक पुढे केला आणि नवा ट्रॅक उघडला. माझ्या शेजारी एक कोरी पट्टी उभी राहिली.

आता माझा जीव त्या कोऱ्या पट्टीसाठी थरथरतोय. ताई गं, तिला घाईनं वर ढकलू नकोस. हवं तर आम्हा बाकीच्यांना गप्प कर. आवाज आला की पट्टीशेजारी उजळणारी हिरवी रेघ जेमतेम उमटली आणि विझली. ताईनं श्वास रोखलाय, आईनं डोळे मिटलेत.

उमटली. पुन्हा उमटली.